जाताना सोळा तास, येताना चौदा

माझा मुलगा अमेरिकेत असतो. गेल्या वर्षी तो एकटाच थोड्या दिवसांसाठी इथं संभाजीनगरला आला. परत जायच्या आदल्या दिवशी म्हणाला, "मुंबईहून न्यूयॉर्कला सोळा तास लागतात, आई. मधे कुठं थांबत नाही." येताना त्यानंच चौदा सांगितले होते. मी विचारलं, "जाताना अंतर वाढतं का?"

"अंतर तेच. साडेबारा हजार किलोमीटर. जाताना समोरून वारं असतं."

"बिडकीनची एसटी काय वारं बघून येती व्हय? मधे कुठं उतरतोस ते सांग."

तो हसला. मला हसू आलं नाही. परदेशातली पोरं आईला निम्मंच सांगतात, हे माझं मत आहे.

मला तासांशी कर्तव्य होतं ते झाडूमुळं. आमच्याकडं माणूस प्रवासाला निघाला की तो पोचल्याचं कळेपर्यंत घर झाडत नाहीत. झाडलं तर त्याच्या वाटेत विघ्न येतं. सासूनं पाळलं, मी पाळते. पूर्वी माणूस जालन्याला, पैठणला जायचा. दुपारी झाडू हातात यायचा. आता हा एवढा लांब जातो, आणि माझ्या दारापुढं नळाची लाईन टाकायला रस्ता उकरून ठेवलेला. त्यात मला दमा.

रात्री एकला त्यानं विमानातून फोन केला, "आई, उडतंय आता." सकाळी फरशीवर पावलं उमटायला लागली. शेजारीण दारातूनच म्हणाली, "मावशी, गहू पेरता का काय घरात?"

"पेरीन. तू काढणीला ये."

दुपारी तीनला सुनेचा फोन आला. "आई, पोचले हो ते. घ्या झाडून."

मी झाडू उचलला आणि थांबले. मी विचारलं नसताना झाडायचं हिनं का सांगावं?

"त्याला दे फोन."

"झोपलेत."

एकपासून तीनपर्यंत चौदा होतात. "अगं, चौदा येतानाचे. जाताना सोळा. तुझा नवरा अजून आभाळात हाय, अन् तू त्याला झोपवलंस?"

ती "म्हणजे... ते..." करायला लागली. मी तिला मधेच तोडलं. "खरं सांग. काय झालंय त्याला?"

"काही नाही झालं, आई! विमान वेळेवर आहे, मी फोनवर बघतेय. सकाळी फोन केला तेव्हाही तुम्ही धुळीनं खोकत होता. मी आता ड्युटीवर निघाले, मग फोन उचलता येत नाही. म्हटलं, झाडून तरी घेतील."

मी विश्वास ठेवला नाही. झाडू कोपऱ्यात ठेवला आणि तोंडाला पदर लावून खुर्चीत बसले. ज्या वाऱ्याला मी थाप समजले होते, आता त्याच्यावरच सगळी भिस्त होती. वारं खरं असलं तर पोरगं पाचला उतरणार होतं. खोटं असलं तर चौदा तास होऊनही त्याचा फोन का नाही, याचा विचार मी करत नव्हते. करत नव्हते म्हणजे तेवढाच करत होते.

पाच वाजून गेल्यावर त्याचा फोन आला. "आई, उतरलो."

"तोंड दाखव. आता खिडकीबाहेर दाखव."

बाहेर विमानाचा पंख होता आणि खाली जमीन होती.

"बायकोला सांग, खोटं बोलायचं तर बेरीज नीट कर म्हणावं."

"काय झालं?"

"तिलाच विचार."

मग झाडायला घेतलं. निम्मं घर होईपर्यंत दमा उठला आणि पंप ओढून पलंगावर बसावं लागलं. सुनेची काळजी खोटी नव्हती. तिला मात्र मी अजून तसं बोललेले नाही.