दसऱ्याला विझलेला लॅपटॉप

दसऱ्याच्या दिवशी दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी पुनम सोनवणे सोनगीरच्या शाळेतल्या संगणक कक्षात उभी राहून लॅपटॉपचं बटण दाबून धरत होती. सकाळपासून हे कितव्यांदा, ते मोजणं तिनं सोडून दिलं होतं. कंपनीचं चिन्ह उमटलं, पांढऱ्या अक्षरांच्या चार ओळी सरसर वर गेल्या, मग उजेड पायरी-पायरीनं उतरत गेला आणि पडदा काळा झाला. आतला पंखा फिरत होता, कान लावला तर ऐकू येत होता. यंत्र जिवंत होतं, दिसत मात्र काहीच नव्हतं.

आदल्या संध्याकाळी हाच लॅपटॉप नीट चालला होता. त्यातली जुनी विंडोज पुसून तिनं लिनक्स टाकली होती. पुसण्याआधी यंत्रानं विचारलं होतं, सगळं जाईल, चालेल का? तिनं होय म्हटलं होतं. नंतर मराठीत दोन ओळी टाइप करून पाहिल्या, चित्र काढायचा प्रोग्रॅम उघडून पाहिला, अपडेट लावली आणि झाकण मिटून ती धुळ्याच्या एसटीत बसली. धुळ्यातल्या देवपूरला घरी पोचल्यावर नवऱ्याला तिनं एवढंच सांगितलं, की जमलं.

पुनम चौतीस वर्षांची आहे. माहेर शिंदखेडा तालुक्यातलं. जळगावला राहून तिनं संगणकाची पदविका घेतली, लग्नानंतर धुळ्यात आली आणि सोनगीरच्या या खासगी शाळेत तासिका तत्त्वावर लागली. तासिका तत्त्व म्हणजे वेळापत्रकात संगणकाचे तास आहेत तोवर नोकरी आहे. तास गेले की कोणी काढून टाकायचीही गरज नाही, माणूस आपोआप घरी बसतो.

ते तास जाण्याच्या बेतात होते. कक्षातले आठ संगणक इतके जुने, की प्रार्थनेच्या आधी सुरू केले तर प्रार्थना आटोपून मुलं परत आली तरी पडद्यावर चक्रच फिरत असे. गेलं वर्षभर पुनम फळ्यावर कीबोर्ड काढून शिकवत होती. मुलं वहीत माऊसचं चित्र काढत आणि शेपटी रंगवत. मग लिनक्सचा प्रस्ताव तिनंच मांडला. जुन्या यंत्रांना ही हलकी पडते, विकत घ्यावी लागत नाही. संस्थेचे अध्यक्ष झुलाल नाना यांनी ऐकून घेतलं. त्यांना इंटरनेट फारसं कळत नाही, पण काम चालतंय की बंद आहे ते एका नजरेत कळतं. त्यांनी नातीचा जुना लॅपटॉप शाळेला आणून दिला आणि म्हणाले, "पहिले येनावर करी दखाड. चालना ते मंग बठ्ठास्वर कर."

आधी या एकावर करून दाखवायचं, चाललं तर मग सगळ्यांवर. नाही चालला, तर कक्षाची खोली शिवणवर्गाला द्यायची, हेही त्यांनी त्याच दमात सांगितलं होतं. रागावून नव्हे. खोली मोकळी राहते, एवढाच त्यांचा हिशेब. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ते पाहायला येणार होते.

आणि दसऱ्याच्या दिवशी नानांचा लॅपटॉप काळा पडला.

सकाळी शाळेत पाटीपूजन झालं होतं. मुलांनी पाट्यांवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढून आणली, त्या ओळीनं पाटावर मांडल्या, आणि यंदा पाट्यांच्या मधोमध पुनमनं लॅपटॉप ठेवला. मुलांनी आधी कुजबुज केली, मग लॅपटॉपपुढे नमस्कारासाठी रांग लावली. सगळ्यांनी हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, झेंडूच्या पाकळ्या टाकल्या. पूजा आटोपली, आपट्याची पानं देऊन-घेऊन झाली, मुलं पांगली. पुनमनं पाकळ्या उचलल्या, मऊ फडक्यानं लॅपटॉप पुसला, फुंकर मारली आणि मुख्याध्यापकांना दाखवावा म्हणून बटण दाबलं. मुख्याध्यापकांनी काळा पडदा पाहिला, घड्याळ पाहिलं, उद्या बघू म्हणाले आणि सणाला घरी गेले.

उरले तिघे. पुनम, किल्ल्या सांभाळणाऱ्या शिपाई भिकुअक्का, आणि लिपिक मगनभाऊ. मगनभाऊंना दोन वाजता शाळेला कुलूप लावायचं होतं.

पुनमचा पहिला संशय अपडेटवर होता. काल ती लावली नसती तर, हे वाक्य तिच्या डोक्यात फिरत राहिलं. तिनं लिनक्स टाकण्यासाठी बनवलेला पेनड्राइव्ह काढला आणि पुन्हा पहिल्यापासून टाकायचं ठरवलं. पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू झालं, पहिला निळा पडदा आला आणि तोही तसाच पायरी-पायरीनं विझला. काल टाकलेलं बिघडलं असतं तर पेनड्राइव्हवरचं चालायला हवं होतं. दोन्ही विझतात, म्हणजे बिघाड यंत्राचा. म्हणजे लिनक्सनं यंत्रच खाल्लं. म्हणजे तिनं.

मगनभाऊ दारात उभे राहून पाहत होते. "फुकटनं शे ना ते, मॅडम?" त्यांनी विचारलं. उत्तराची वाट न पाहता ते म्हणाले, "मंग बरोबर शे." मग ते कार्यालयात गेले आणि तिथून त्यांचा आवाज ऐकू आला. नानांना दसऱ्याच्या शुभेच्छा देऊन झाल्यावर ते सांगत होते, की तो लॅपटॉप मॅडमकडून जळाला बहुतेक, उद्या मुद्दाम गाडी काढून येऊ नका.

पुनमनं ते ऐकलं. धावत जाऊन फोन हातातून घ्यावा असं तिला वाटलं, पण सांगणार काय? काळ्या पडद्यापुढे उभं राहून जळाला नाही असं म्हणायला तिच्याकडे काही पुरावा नव्हता. घरून सासूबाईंचे दोन फोन येऊन गेले होते, पुरणपोळ्या निवत होत्या. तिनं ते उचलले नव्हते. आता तिनं स्वतः जळगावला फोन लावला.

जळगावच्या पिंप्राळ्यात साकिबचं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. पदविकेला तो तिच्या वर्गात होता. सणाच्या दिवशी शाळेत काय करतेस, असं तो आधी चेष्टेनं म्हणाला, पण तिचा आवाज ऐकून चेष्टा थांबवली. उजेड एकदम जातो की हळूहळू, हे त्यानं विचारलं. ती म्हणाली हळूहळू, पायऱ्या उतरल्यासारखा. बाहेरचा मॉनिटर आहे का? कक्षात असे आठ होते. तिनं एकाची जाड निळ्या टोकाची केबल लॅपटॉपला लावली आणि बटण दाबलं.

मॉनिटरवर चित्र आलं. कालचंच, हिरव्या डोंगराचं, मध्ये तिचं नाव. पासवर्ड टाकला तर कालची मराठीची फाइलही तिथंच होती.

ती खुर्चीवर बसली. साकिब म्हणाला, आता लॅपटॉपच्या काळ्या पडद्यावर तिरपा टॉर्च मार. तिनं मोबाईलचा टॉर्च मारला. काळ्या काचेत खोलवर, विहिरीच्या तळाशी दिसावा तसा, तोच हिरवा डोंगर होता. चित्र तिथंही येत होतं. फक्त त्यामागचा दिवा बंद होता.

"मग लिनक्सचा दोष नाही," साकिब म्हणाला. "मागचा दिवा गेला, पुनम. किंवा त्याची पट्टी. हळूहळू जातोय म्हणजे शेवटच्या घटका मोजतोय. घेऊन ये, बघतो."

पण न्यायचा कधी, हाच प्रश्न होता. सोनगीरहून धुळं, धुळ्याहून जळगाव, मग पिंप्राळा. आज निघाली तरी उद्या शाळा भरेपर्यंत दुरुस्त लॅपटॉप घेऊन ती परत येऊ शकत नव्हती. उद्या मॉनिटर जोडून दाखवता आलं असतं. नाना डोळे बारीक करून मॉनिटर पाहतील, मग आपल्या नातीच्या लॅपटॉपचा काळा पडदा पाहतील, आणि विचारतील, की हा माझ्या घरी चालत होता ना? दिवा कशानं गेला ते तिलाही माहीत नव्हतं, आणि जिच्या हातून एक यंत्र गेलं तिच्या हाती आठ कोण देणार?

एक वाजून गेला होता. भिकुअक्का दाराशी बसून आपट्याची उरलेली पानं निवडत होत्या. त्यांनी एकदा उठून पाण्याचा तांब्या आणून टेबलाच्या कडेला ठेवला आणि लॅपटॉपपासून जरा लांब सरकवला.

पुनम मॉनिटरकडे पाहत बसली होती. पाहण्यासारखं काही नव्हतं. हिरवा डोंगर, आणि खाली एक छोटी राखाडी चौकट. चौकटीत सूर्याचं चित्र, त्याच्यापुढे एक रिकामी पट्टी. तिला वाटलं, चौकट आता जाईल. ती गेली नाही. क्षणभर फिकी व्हायची आणि पुन्हा उमटायची. मघापासून ती तिथंच होती. पुनमनं ती पाहिलीही होती, पण मॉनिटर जुना म्हणून काहीतरी अर्धवट दिसत असेल असं धरून चालली होती.

सूर्याचं चित्र म्हणजे उजेड. उजेड कमी-जास्त केला की ही चौकट येते, हे ती मुलांना फळ्यावर शिकवते. पण ती तर कशालाच हात लावत नव्हती. दोन्ही हात मांडीवर होते.

म्हणजे उजेड कमी करायचं बटण कोणीतरी दाबून धरलं होतं. सकाळपासून, सारखं.

तिनं कीबोर्डवर वाकून पाहिलं. वरच्या ओळीत तसाच छोटा सूर्य असलेलं बटण होतं. या लॅपटॉपवर ते एकटं दाबलं तरी चालतं, जोडीला दुसरं लागत नाही. शेजारच्या बटणांपेक्षा त्याची एक कड नखाएवढी खाली बसलेली होती. बोटानं दाबलं तर ते दबलं नाही, वर उचललं तर उठलं नाही.

तिनं साडीच्या खांद्यावरची पिन काढली. पिनेचं टोक बटणाखाली सारलं, हलकेच वर रेटलं. कट्‌ असा आवाज झाला, बटण सुटून टेबलावर पडलं आणि त्याला खालून धरून ठेवणारा प्लास्टिकचा एक आकडा तुटला. उघड्या पडलेल्या पांढऱ्या रबराला टेकून एक तांदळाचा दाणा होता. कुंकवानं लाल झालेला, अर्धा चेपलेला.

अक्षता.

सकाळचं सगळं तिला तेव्हा आठवलं. पाट मांडताना भिकुअक्का म्हणाल्या होत्या, की बाई, याचं झाकण लावून ठेवा, वरून पूजा करू. पुनमनं ऐकलं नव्हतं. पाटी आपण पालथी घालून पुजतो का, असं तिनं वर विचारलं होतं. जिथं अक्षर उमटतं ती बाजू वर हवी. भिकुअक्कांना ते पटलं होतं. मुलांनाही पटलं होतं, म्हणून सगळ्यांनी नेम धरून बटणांवरच अक्षता टाकल्या होत्या. साठ-सत्तर मुलांच्या चिमटीतल्या अक्षता. फडक्यानं पुसताना त्यातला एक दाणा निघायच्या ऐवजी आत गेला असणार.

तिनं पिनेच्या टोकानं दाणा बाहेर काढला आणि तळहातावर घेतला. मग शेजारचं, उजेड वाढवायचं बटण दाबलं. पडदा पायरी-पायरीनं उजळत गेला. हिरवा डोंगर आला. तिनं लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू केला. चिन्ह, पांढऱ्या ओळी, डोंगर. पुन्हा बंद केला, पुन्हा सुरू केला. भिकुअक्का उठून आत आल्या आणि खांद्यामागून पाहत राहिल्या.

"लागना?"

"लागला, अक्का." पुनमनं तळहात पुढे केला. भिकुअक्कांनी दाणा निरखून पाहिला आणि पदर तोंडाला लावला. हसू आवरत होत्या, हे पुनमला उशिरा कळलं.

आता नानांना फोन करायचा होता. मगनभाऊंनी सांगितलेलं पुसायचं तर खरं सांगणं भाग होतं, आणि खरं असं होतं की चूक लिनक्सची नव्हती, पण पुनमची होतीच. अपडेटवर ढकलता आलं असतं, नाना कधीच विचारायला गेले नसते. कार्यालयात मगनभाऊ कपाटाला कुलूप लावत होते. त्यांच्यासमोरच तिनं नंबर लावला.

नानांनी फोन उचलला तेव्हा मागे जेवणाच्या पंगतीचा गलका होता. तिनं सांगितलं, लॅपटॉप चालू आहे, जळालेला नाही. पूजेत मी तो उघडा ठेवला, बटणाखाली अक्षतेचा दाणा अडकला आणि उजेड कमी होत गेला. काढताना बटणाचा आकडा तुटला, ते बटण आता सुटं आहे.

मगनभाऊंनी किल्ली फिरवायची थांबवली होती.

"उघडा ठेवनी व्हती?" नाना म्हणाले.

"हो, नाना. पाटीसारखा."

"पाटीमा दाना अटकत नई, बाई." मग गलक्यात कोणीतरी त्यांना वाढायला आलं असावं, ते कोणाला तरी बस म्हणाले. पुनमनं वाट पाहिली. "तुटेल बटन माले दखाडजो," ते म्हणाले. "मी येस. बाकीनं तठे दखसू."

फोन ठेवला गेला. नाना येणार होते, बाकीचं इथं येऊनच पाहणार होते. खोलीचं काय, हे त्यांनी सांगितलं नाही आणि तिनं विचारलं नाही. मगनभाऊंनी कपाटाची किल्ली खिशात टाकली आणि गाडी येणार असेल तर फाटकाचं कुलूप लवकर काढावं लागेल, एवढं म्हणाले. पुनमनं सुटं बटण आणि लाल दाणा एका कागदात बांधून पर्समध्ये, आपट्याच्या पानांशेजारी ठेवला. लॅपटॉपचं झाकण मिटलं. भिकुअक्कांनी कक्षाला कुलूप लावलं आणि ते ओढून पाहिलं. महामार्गावर धुळ्याकडे जाणारी एसटी पंचवीस मिनिटांनी आली.

उद्या बुधवार आहे. शाळेच्या व्हरांड्यातल्या वेळापत्रकात बुधवारचा तिसरा तास आठवी 'ब'चा आहे, विषय संगणक. तो बारा वाजून वीस मिनिटांनी सुरू होतो.