दिल्लीला पाठवायचा माणूस

आम्ही तेर सोडलं त्या सकाळी माझ्या वडिलांनी, अण्णांनी, बैलगाडी परसदारी लावली. शेजारच्या गावात निजामाच्या बाजूच्या बंदूकवाल्यांनी घरं पेटवली होती. मी गाडीत चढताना अण्णा म्हणाले, "पोरी, वाटंत कुणी काय इचारलं तर तोंड उघडू नको. आमी बोलूत."

मी लहानपणीच विधवा होऊन माहेरी आलेली. तोंड न उघडण्याची मला सवय होती.

सरहद्दीवरचा नाका ओलांडला की निजामाचा मुलूख संपायचा. पलीकडं बार्शीला आम्हा पळून आलेल्यांची छावणी कापसाच्या एका जिनिंगच्या गोदामात होती. तिथं शिधा फक्त पुरुषांच्या हाती मिळायचा. ज्यांचे नवरे तुरुंगात होते किंवा मारले गेले होते, त्या बायका मागं उभ्या राहायच्या. एक बाळंतीण दोन दिवस उपाशी राहिली. तेव्हा मी शिधा वाटणाऱ्याच्या पुढ्यात जाऊन ओरडले. कसं ओरडले, मलाच ठाऊक नाही. पण त्या दिवसापासून बायकांना शिधा मिळू लागला.

मग निजामाविरुद्धच्या चळवळीतल्या पुढाऱ्यांच्या लक्षात आलं, हिला बोलता येतं. सोलापूर, पुणे, नेतील तिथं मी सभांमधून आमच्या मुलखाची हकिगत सांगितली. लोक रडायचे. पुढारी म्हणायचे, "ताई, तुम्ही आमचा आवाज आहात." अडकलेल्या बायकांना आणायला मी पुन्हा नाक्यापलीकडं गेले, पकडले गेले, उस्मानाबादच्या तुरुंगात राहिले. माझा थोरला भाऊ, दत्तूदादा, सगळा वेळ बार्शीतच होता.

निजामाचं राज्य गेलं. आम्ही गावी परतलो. आमच्या भागातून एक माणूस निवडून दिल्लीला संसदेत पाठवायचा, असं ठरलं. तेरच्या देवळात बैठक भरली. एका तरुणानं माझं नाव घेतलं, तर लोक हसले.

गावचे एक वडीलधारे म्हणाले, "बाईमाणूस दिल्लीला कुणासंगं जाणार?"

मी उठले. "तुरुंगात गेले तवा कुणासंगं गेले होते?"

 बैठकीनं दादाचं नाव घेतलं. सगळं ठाऊक असून दादा मान खाली घालून "व्हय" म्हणाला. अण्णा शेजारीच बसले होते. ते काही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी सोलापूरची मोटार धरली. या खेपेला मला कुणी हाकललं नव्हतं, तरी ते जाणं जास्त लागलं. सोलापुरात गिरणीतल्या बायकांची संघटना बांधली. निजामाच्या राज्यात शिकलेली उर्दू तिथं कामी आली. पुढं त्याच बायकांनी मला दिल्लीला पाठवलं. तिथल्या मोठ्या दालनात पहिल्यांदा बोलायला उभी राहिले, तेव्हा आधी गावाचं नाव सांगितलं. का, देव जाणे.

आता तुम्ही गावकरी मला सत्काराला बोलावताय. "गावची लेक" म्हणताय. देवळात बसून हसणारे तुम्हीच होतात. आणि माझ्यासारख्या गाव सोडून गेलेल्या बायांनो, तुम्हालाही असा हार कुणी घालू पाहिला, तर आधी विचारा, तेव्हा कुठं होतात?

सोलापुरात माझी खोली आहे, जिवाला जीव देणाऱ्या शेजारणी आहेत. तिथं मी सुखानं राहते. पण इतक्या वर्षांनीही ज्याच्यावर संतापून घास खाली उतरत नाही, असं गाव मला एकच आहे. परक्या गावावर कुणी एवढं रागवत नाही.