कुंकवाला चुंबक कसा कळंल?

हिंदुराव आमचे तंत्रज्ञ, धायरी गावचे. शिक्षण दहावी. पण माझ्या प्रयोगशाळेत केसाहून बारीक सोन्याची तार चिमट्यानं जोडावी ती त्यांनीच. आम्ही डिग्रीवाले नुसते श्वास रोखून उभे.

प्रयोग थोडक्यात सांगते. अतिवाहक, म्हणजे अतिथंडीत विजेला अजिबात न अडवणाऱ्या, धातूच्या पापुद्र्याला चुंबकी थर जोडायचा, द्रव हेलियमनं गार करायचं आणि एक टोक किंचित ऊबदार ठेवायचं. एरवी अतिवाहकात अशा उबेनं जवळपास काही वीज निघत नाही. चुंबकी थर असला, की दोन स्पिनांचे, म्हणजे उलटसुलट फिरकीचे, इलेक्ट्रॉन वेगळे वागतात आणि वीज निघावी, असं गणित सांगत होतं. आम्हाला दोन वर्षं ती दिसली नव्हती.

दिसली २०१६ साली, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. मी हरखले, आणि तेवढ्यात यंत्राच्या झाकणावर लाल बोटाचा ठसा दिसला.

"हिंदुराव, हे काय?"

"खंडेनवमीचं हाय, बाई. हत्यारांना लावतोच की."

"जोडणीत गेलंय ते. हा आकडा तुमच्या कुंकवाचा आहे!"

"भायेरच्या झाकणालाच लावलंय. आन् चुंबक उलटा केला की आकडाबी उलटा होतोय. कुंकवाला चुंबक कसा कळंल?"

"वा! आता मला फिजिक्स शिकवा."

नमुना बाहेर काढून ॲसिटोननं पुसायला मीच लावला. पापुद्रा सुटून आला, नमुनाच गेला. वहीत लिहिलं, ‘कुंकवामुळे बिघाड.’ त्यांनी ते वाचलं. डिसेंबरात निवृत्त होणार होते. दर सोमवारी विचारायचे, "जायच्या आधी येकदा मोजूया का, बाई?" हेलियम नाही, असं मी सांगायची. खरं म्हणजे मी मागवलंच नव्हतं.

तीन वर्षांनी हेमा या माझ्या विद्यार्थिनीनं नवा नमुना मोजला. तोच आकडा, तसाच उलटणारा. कुंकू आसपासही नव्हतं.

दुसऱ्या सकाळी धायरी गाठली. हिंदुराव जाऊन आठ महिने झाले होते. मला कुणी कळवलं नव्हतं. कळवावं असं मी वागलेही नव्हते. त्यांच्या पत्नी तुळजाबाईंनी चहा ठेवला. कोनाड्यात, पांढऱ्या फडक्यावर, आम्ही निरोपाला दिलेला चिमटा होता. लखलखीत.

"खंडेनवमीला परत कशालाच कुंकू लावू दिलं न्हाई त्यांनी," त्या म्हणाल्या. "विळ्यालाबी न्हाई. म्हणायचे, माझ्या हातनं बाईंचं मोठं काम नासलं."

"नासलं नव्हतं. त्यांचंच बरोबर होतं, तुळजाबाई. चूक माझी."

त्यांनी चिमट्याखालचं फडकं सारखं केलं.

"मंग ह्ये त्यांस्नी सांगायचं हुतं की, बाई."