छत वाजवणारे घरमालक

आमच्या घरमालकांइतका जिवाला जपणारा माणूस अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात सापडायचा नाही, आणि गंमत म्हणजे तो जीव बहुतेक वेळा दुसऱ्याचा असतो. बँकेतली बदली घेऊन मी नांदुऱ्यात आलो आणि घर बघायला त्यांच्याकडे गेलो, तेव्हा त्यांनी मला ना पगार विचारला, ना गाव, ना माणसं किती. मला दारातच उभं करून ते एक लांब काठी घेऊन आत गेले आणि बैठकीचं छत या टोकापासून त्या टोकापर्यंत ठोकून आले. मग म्हणाले, "या साहेब आत. पन त्या कोपऱ्यात नका बसू. तिथं छत बद बोलून राह्यलं." मला वाटलं, गृहस्थ वास्तुशास्त्रातले असावेत. भाडं ठरवून बाहेर पडताना त्यांच्या पत्नीनं, म्हणजे काकूंनी, खुलासा केला की ते चंद्रपूरकडच्या कोळशाच्या खाणीत जन्मभर सरदार होते. खाणीतला सरदार म्हणजे पाळीतल्या माणसांच्या जिवाचा राखणदार. माणसं आत शिरण्याआधी त्यानं काठीनं छत ठोकून बघायचं. खणखणीत वाजलं तर ठीक. फुटक्या मडक्यासारखं बद वाजलं तर सगळ्यांना मागं घ्यायचं आणि टेकू लागल्याशिवाय कोणालाही त्याखाली जाऊ द्यायचं नाही. काका निवृत्त झाले, मूळ गाव वरवट बकाल असूनही नांदुऱ्यात घर बांधून राहिले, पण काठी काही निवृत्त झाली नाही.

आमच्या वरच्या मजल्यावर नेमकी पंख्याखालची जागा त्यांनी बद ठरवली. नांदुऱ्याच्या मे महिन्यात पंखा मधोमध आणि खाट भिंतीशी, हे सुख मी सहा उन्हाळे उपभोगलं आहे. ते छत आजपर्यंत पडलेलं नाही. इंजिनिअर बोलावून दाखवलं, तो म्हणाला, यावर आणखी दोन मजले चढवा. काकांना मी हे विजयी मुद्रेनं सांगितलं तेव्हा ते शांतपणे म्हणाले की छत कोणाची वाट पाहतंय हे इंजिनिअरला काय ठाऊक. मी खाट होती तिथंच ठेवली.

त्यांनी प्लॉट कोपऱ्याचाच घेतला, कारण खाणीला बाहेर पडायच्या वाटा दोन पाहिजेत असा नियम आहे. घराला दोन दारं, गच्चीला दोन जिने, आणि काकूंचा हट्ट नसता तर न्हाणीघरालाही दुसरं दार झालं असतं. खाणीत धोक्याच्या वाटेवर दोन लाकडांची फुली मारतात; फुली दिसली की मॅनेजरनंही पुढं जायचं नाही. एकदा सकाळी मी बँकेत निघालो तर आमच्या जिन्यावर बांबूंची फुली. एका पायरीचा टवका उडाला होता. मी म्हटलं, दुसऱ्या जिन्यानं उतरतो. तर दुसऱ्या जिन्यावरही फुली, कारण पहिला दुरुस्त होईपर्यंत दुसऱ्यावर भार वाढणार होता. मी बँकेच्या मॅनेजरला फोन करून सांगितलं की घरमालकांनी मला सुरक्षेच्या कारणावरून वरच ठेवलंय. तो दिवस मी झोपून काढला आणि संध्याकाळी काकांना मनापासून विचारलं की आणखी एखादी पायरी जरा नाजूक वाटते का.

हे सगळं सगळ्यांनाच एवढं गोड लागायचं असं नाही. माझे सासरे पुण्याहून आले, तेव्हा काकांनी त्यांना जिन्याशी अडवून दोन्ही हात वर करायला लावले आणि खिसे चाचपले. खाणीत उतरण्याआधी बिडी-काडीची झडती होते, आणि आमचं स्वयंपाकघर वर असल्यामुळे, गॅसच्या हिशेबानं, आम्ही खाणीतच राहत होतो. सासऱ्यांच्या खिशात पूजेची काडेपेटी निघाली. ती जप्त झाली. सासरे निवृत्त न्यायाधीश. आयुष्यात त्यांनी पुष्कळ झडत्यांचे निकाल दिले होते, पण स्वतःची झडती पहिलीच. ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. ते परत निघाले तेव्हा काकांनी काडेपेटी अदबीनं परत केली, आणि वर सांगितलं की जिना उतरेपर्यंत हातात धरा, खिशात नका ठेवू.

काकूंचा बंदोबस्त मात्र त्यांना कधी जमला नाही. खाणीत घंटीचे इशारे असतात, चालत्या यंत्राला एक घंटी म्हणजे थांब. कुकरची पहिली शिट्टी झाली की काका उठून गॅस बंद करायचे. आठवडाभर कच्ची डाळ खाल्ल्यावर काकूंनी त्यांना स्वयंपाकघरातून कायमचं हद्दपार केलं. विहारात एका लग्नात त्यांनी मंडपाचा एक बांबू हलवून बघितला आणि नवरा-नवरीसकट सगळ्यांना उन्हात उभं केलं. पाचर ठोकून झाल्यावरच पुढचा विधी. आता गल्लीतला मंडपवाला आधी काकांना बोलावतो आणि नंतर वाजंत्र्याला.

या वातावरणात त्यांची एकुलती एक मुलगी पल्लवी वाढली. बाकीच्या मुलींना बाप गोष्टी सांगतात, हिला वायू सांगितले. मिथेन छताशी जमतो, कर्बवायू जमिनीशी, हे तिला शाळेत जायच्या आधी पाठ होतं. मीही सरदार होणार, असं ती म्हणायची, आणि काका निर्धास्तपणे हसायचे. बायकांना खाली उतरायला कायद्यानंच बंदी होती, आणि काकांच्या दृष्टीनं कायद्यापुढं विषयच संपत होता. तिनं खाणकामाची पदविका घेतली तेव्हाही ते खूश होते. पोरगी खाणीच्या वरच्या ऑफिसात बसेल, पंख्याखाली, आणि तिथलं छत ते स्वतः जाऊन ठोकून येतील.

मधल्या काळात तो नियम बदलला. दिवसाच्या पाळीत, एकटीदुकटीला नाही, आणि लेखी संमती असेल तर, देखरेखीच्या कामासाठी बायकांनाही खाली उतरता येईल असं झालं. पल्लवी परीक्षा देऊन, प्रशिक्षण संपवून ओव्हरमॅनची नेमणूक घेऊन घरी आली. ओव्हरमॅन म्हणजे सरदाराच्या वरची जागा. त्या दिवशी काका ओसरीवर चष्मा लावून तिच्या मोबाईलवर तो नियम पुन्हा पुन्हा वाचत होते. मी खाली उतरलो तसे मलाही बोलावलं, की साहेब, तुमी शिकलेले, पाहा बरं.

"संमती लिहिलं हाय," ते म्हणाले. "बापाची संमती कुठी लिहिली हाय?"

"बापाची नाई लागत, बाबा," पल्लवी आतून म्हणाली. "माझी लागते."

जन्मात एक नियम न मोडलेला माणूस नियमानंच कोंडीत सापडला होता. पोरीला अडवायचं तर नियमाबाहेर जाऊन अडवावं लागणार, आणि ते त्यांना येत नव्हतं. मला हसू आलं होतं, पण त्यांचा चेहरा बघून ते विरलं. अशा वेळी माणूस काहीतरी काढतोच. काकांनी परीक्षा काढली. रविवारी सकाळी ओसरीवर बसून ते विचारतील त्या सगळ्याची उत्तरं तिनं द्यायची. एक जरी चुकलं तर वरचं ऑफिस. मला पंच नेमलं. मला खाणीतलं ओ की ठो कळत नव्हतं, म्हणजे मी निःपक्षपाती होतो.

चहाच्या दोन फेऱ्या होईपर्यंत काका जिंकायचा प्रयत्न करत होते. ज्योतीच्या दिव्यानं वायू कसा ओळखावा, यावर त्यांनी तिला घोळात घ्यायला बघितलं. तिनं उत्तर दिलं आणि वर विचारलं की बाबा, कोनत्या जमान्यातलं पुस्तक वाचून राह्यले, आता यंत्र आलं. काका रुसले. थोडा वेळ पंचांकडे बघत बसले. पंचांनी चहात बिस्किट बुडवलं. मग काकांनी आवाज खाली आणून शेवटचा प्रश्न टाकला.

"छत बद बोललं, तू मानसं मागं घेतली. वरून सायबाचा फोन आला. काम काऊन थांबवलं, म्हनून वरडून राह्यला. नोकरी जाईन म्हन्ते. मंग?"

"वरडू द्या त्याले," ती म्हणाली. "मानसं बाहीरच राहतीन."

काकांच्या सगळ्या नोकरीत त्यांच्या पाळीतला एकही माणूस खाली राहिला नव्हता. हीच एक गोष्ट ते कधीमधी, कोणी न विचारता सांगत. पंच म्हणून मी निकाल जाहीर करणार तोच ते मला म्हणाले, राहू द्या साहेब, समजलं. त्या दिवशी त्यांनी गल्लीतलं काहीही तपासलं नाही.

पल्लवी गेली, आणि पंधरवड्यानं तिचा खाली उतरण्याचा पहिला दिवस आला. बँकेला सुटी होती, म्हणून मी घरी होतो. काका सकाळपासून ओसरी आणि फाटक यांच्यामध्ये होते. खाली फोन लागत नाही हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत? तरी दर थोड्या वेळानं मला विचारत होते की साहेब, माह्या फोनात बॅटरी दिसून राह्यली ना. मी जेवायला बोलावलं, नको म्हणाले. पेपर दिला, उलटा धरला. मी एरवी एवढी संधी सोडत नाही, पण त्या दिवशी माझ्याच्यानं चेष्टा होईना. शेवटी ते पायरीवर माझ्याशेजारी येऊन बसले.

"खालच्याचे सारे नियम मले पाठ हायेत, साहेब," ते म्हणाले. "वर बसनाऱ्यानं काय करावं, हे कुठी लिहिलंच नाई."

काकू दारातच उभ्या होत्या. हातात ज्वारीनं भरलेलं सूप. त्या रागावल्या होत्या असं म्हणवत नाही, पण आवाज नेहमीचा नव्हता.

"तुमी पाळीवर जात होते तवा मी काय करत होती, कदी इचारलं?" त्यांनी सूप काकांच्या मांडीवर ठेवलं. "ज्वारी निवडत होती. निवडून झाली का डब्यात टाकत होती, अन् तीच काढून परत निवडत होती. तुमचं पाऊल वाजेपावतो. घ्या आता."

काका त्या सुपाकडे बराच वेळ बघत राहिले. एवढी वर्षं ताटात आलेल्या प्रत्येक भाकरीमागं काय होतं, ते बहुधा त्यांना तेव्हा दिसत असावं. मलाही दिसलं. मग त्यांनी चष्मा पुसून बोटानं ज्वारी पसरायला सुरुवात केली. हात खाणीतले, जाडजूड. दाणे ओसरीभर सांडत होते आणि काकू ते एकेक वेचून पुन्हा सुपात टाकत होत्या.

दुपारी उन्हं कलल्यावर फोन वाजला. काकांनी तिला छताचं विचारलं नाही, वायूचं विचारलं नाही. फक्त म्हणाले, "जेवली का?" आणि फोन काकूंकडे देऊन आत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बँकेत निघालो तेव्हा काका ओसरीवर सूप घेऊन बसले होते. ज्वारी कालचीच होती.