स्वराच्या आईची घोरपड

आता काय लपवायचं? चूक माझीच होती. मीच सांगून टाकते, तुम्ही सांगितलीत तर जास्त लागेल.

माझी लेक रेवा दुसरीत आहे. शाळेत जोडीचा प्रोजेक्ट होता. तिच्या मैत्रिणीने, स्वराने, घोरपड करायची. रेवाने झाडावरचा इवलासा बेडूक. दोन्ही शेजारी ठेवून फरक सांगायचा. प्रोजेक्ट मुलींनीच करायचा, असंही लिहिलं होतं म्हणे. पण आमच्या दादरला कुठली आई ते वाचते?

दोन दिवसांत स्वराच्या आईने ग्रुपवर फोटो टाकला. शाडूची घोरपड, चांगली हातभर! तिचा भाऊ परळला गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करतो. त्याने घोरपडीचेही डोळे आखून दिले होते. अहो, ती थेट माझ्याकडे बघत होती! खाली ओळ होती, ‘सहज, वेळ मिळाला तसं केलं.’

सहज!

मी बादली उपडी घातली आणि तिच्यावर कागदाचा लगदा थापायला बसले. रेवा दोनदा म्हणाली, "आई, तो अंगठ्याएवढा असतो."

"तू अभ्यास कर."

नवऱ्याने कासव छान झालंय म्हटलं. त्याच्याशी मी दोन दिवस बोलले नाही.

प्रदर्शनाला टॅक्सीने गेलो. मागच्या सीटवर बेडूक, त्याच्या शेजारी मी, माझ्या मांडीवर रेवा. टेबलावर ठेवल्यावर त्याच्यापुढे घोरपड अगदी पालीएवढी वाटायला लागली. काय गार वाटलं म्हणून सांगू!

तेवढ्यात टीचरनी स्वराला विचारलं, दोघांत मोठं कोण?

पोरीने ‘घोरपड’ पाठ केलं होतं. तिने बेडकाकडे बघितलं आणि तिचे डोळे भरून आले. माझा गारवा तिथेच संपला.

रेवाने मुकाट्याने कंपास उघडला. आतून हिरव्या क्लेचा अंगठ्याएवढा बेडूक काढला आणि घोरपडीसमोर ठेवला.

"टीचर, आमचा बेडूक हा आहे."

"मग हा मोठा कोणाचा?"

"आईचा. तिला घोरपडीपेक्षा मोठा हवा होता."

सगळ्या आया माझ्याकडे बघत होत्या. स्वराची आई जवळ आली, माझ्या बेडकाला निरखून हळूच म्हणाली, "डोळे तेवढे राहिलेत का हो याचे? भावाला सांगू?"

टोमणा होता की माया, मला अजून कळलेलं नाही.

बेडूक सध्या परळला आहे.