अपडेट अर्ध्यावर आणि लाईट गेली

आमच्या शेजारच्या दुकानदाराने एका अमावास्येला माझ्या दुकानावरून ओवाळून टाकायला नारळ आणला होता. मी म्हटलं, "भाऊ, द्या इकडे, चटणी करते." तर मी ही अशी! बोईसरला स्टेशनजवळ माझं लॅपटॉप दुरुस्तीचं छोटं दुकान आहे, सासर जवळच्याच पाम गावी. मशीन बंद पडलं तर त्याला कारण असतं, चालू राहिलं तरी कारण असतं – यापलीकडे माझी कशावर श्रद्धा नाही. निदान नव्हती...

दातिवऱ्याची जागृती माझी गिऱ्हाईक. लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करते. वडिलांची मासेमारीची बोट, आई हिरूमावशी सुकी मासळी विकते. तिच्या बरोबरच्या बहुतेक मुली एमआयडीसीत पॅकिंगला लागल्या, हिने हट्टाने लॅपटॉप घेतला. घरात फक्त आई तिच्या बाजूने. वडिलांनी बजावलं होतं, हातातल्या लग्नाचा व्हिडिओ सोमवारपर्यंत दिलास तर ठीक, नाहीतर मुकाट्याने पॅकिंगला जायचं. ठेकेदाराशी बोलणंसुद्धा झालेलं.

आणि नेमका लॅपटॉप रडायला लागला. व्हिडिओ दोन पावलं चालायचा, अडकायचा. तिने फोनवरच मला स्क्रीनवरचं सगळं वाचून दाखवलं तेव्हा लक्षात आलं – डिस्क ठणठणीत होती, पण मागच्या एका अपडेटनंतर ती मदरबोर्डाशी जुन्या, कमी वेगाने जोडली जात होती. गाडी तीच, रस्ता तेवढा अरुंद झालेला. कंपनीने चूक सुधारून नवं फर्मवेअर, म्हणजे बोर्डातच बसवलेला मूळ प्रोग्राम, काढलं होतं. ते टाकलं की पूर्वीचा वेग परत. मला या गोष्टीचं खरंच कौतुक वाटतं हो, स्क्रूसुद्धा न उघडता मशीनला पुन्हा तरुण करायचं!

"शुक्रवारी माझी सुट्टी आहे, घरीच येते. मासे खाऊ घाल," म्हटलं.

आता आमच्याकडचे वाचक इथेच कपाळाला हात लावतील. बोईसरला शुक्रवारी सुट्टी का असते? तर त्या दिवशी आमच्या सगळ्या पट्ट्यात, पार दातिवऱ्यापर्यंत, लाईनच्या कामासाठी कधीही लाईट बंद करतात म्हणून! इतकी वर्षं त्या सुट्टीला लोळले, पण सुट्टीचं कारण डोक्यातून साफ गेलेलं. मारली ना स्वतःच्याच पायावर कुऱ्हाड.

शुक्रवारी तिच्या घरी दुपारी जेवून दोघी कामाला बसलो. फायलींची कॉपी बाहेरच्या डिस्कवर काढून ठेवली होती, ती काळजी नव्हती. लॅपटॉपची बॅटरी मात्र मेलेली. स्क्रीनवर फुल चार्ज दाखवायची आणि प्लग काढला की मशीन त्याच क्षणी बंद. नवी मागवली होती, आली नव्हती. पण सोमवार डोक्यावर. मी अपडेट सुरू केलं.

"आता याला हात लावायचा नाही," मी जागृतीला म्हटलं. "मध्येच बंद पडलं तर बोर्ड गेला. मग हा लॅपटॉप उठत नाही."

दारात बोंबील निवडत बसलेल्या हिरूमावशीने मान वर केली. "म्हंजे वाटेत हाय तो?"

"हो मावशी, वाटेत आहे."

ती उठली, हात धुतले, पदराला पुसले आणि लॅपटॉपच्या कडेवर तळवा ठेवून उभी राहिली. मी काही बोलणार तोच जागृती हळूच म्हणाली, "राहू दे, ताई. बाबांची बोट खाडीच्या तोंडाशी दिसली की ती बोट बांधायच्या खुंटावर असाच हात ठेवते. बोट लागेपर्यंत काढत नाय." दातिवऱ्याला खाडीच्या तोंडाशी पाण्याखाली वाळूचे दांडे आहेत, आत येताना भल्याभल्यांची फाटते. मनात म्हटलं, ठेवू दे हात, काय बिघडतंय?

आणि लाईट गेली.

डोक्यावरचा पंखा मंदावला. शेजारचा टीव्ही गप्प झाला. अडॅप्टरचा हिरवा दिवा विझला – तो मी या डोळ्यांनी विझताना पाहिला. जागृती "आई गं!" म्हणून मटकन खाली बसली. दुसरा लॅपटॉप घेण्याची तिची ऐपत नव्हती आणि मेलेल्या बॅटरीवर अपडेट सुरू करणारी मीच होते.

पण स्क्रीन चालूच होता. पट्टी सरकत होती... अर्धी, अर्ध्याच्या पुढे. मावशीचे ओठ हलत नव्हते, मंत्र नाही, देवाचं नाव नाही. बोटीची वाट बघावी तशी ती पट्टीकडे बघत होती. पट्टी भरली, मशीन स्वतःहून बंद होऊन पुन्हा सुरू झालं, जागृतीचं नाव आलं.

"लागली?" मावशीने विचारलं.

"लागली, मावशी," मी म्हटलं.

तिने हात काढला. त्याच क्षणी स्क्रीन काळा!

लाईट आल्यावर मी आधी वेग तपासला. पूर्वीसारखा, पूर्ण. लग्नाचा व्हिडिओ न अडखळता धावायला लागला आणि जागृती आईच्या गळ्यात पडून रडली. मग मी मुद्दाम प्लग काढला – मशीन पटकन बंद. पुन्हा लावला, पुन्हा काढला – बंद. बॅटरी दुकानात आणून मीटर लावला, तिच्यात जीव नव्हता. धंद्यातल्या जाणत्यांना विचारलं. ते म्हणतात, मरता मरता एखादी बॅटरी धरते कधीकधी. धरेल हो... पण नेमका हात काढेपर्यंत?

सोमवारी लग्न पोचतं झालं. पोरगी पॅकिंगला येणार नाही, असं वडिलांनी ठेकेदाराला कळवलं.

त्या दिवशी निघताना मी मावशीला विचारलं, "खरं सांगा, केलंत काय?"

ती पुन्हा बोंबलांपाशी बसली होती. "मी काय करणार, बाय? तुमच्या त्या मशिनीतलं मला काय कळतं? पोरगी वाटेत होती. हात काढून जाऊ कुठं मी?"

मी स्कूटी काढली आणि वाटेतल्या केळव्यापर्यंत रडत आले. याचं कारण मला आजही सांगता येत नाही.