मंगळवारची सुनावणी

दुष्काळ पडला की सरकारला दोन गोष्टी हमखास सुचतात, टँकर आणि समिती. टँकरमधून निदान पाणी तरी निघतं.

त्या वर्षांत औरंगाबादच्या भोवती विहिरींवरून आणि बोरवरून इतकी भांडणं व्हायला लागली, की आमच्या भागासाठी एक पाणी तंटा निवारण समिती नेमली गेली. अध्यक्ष एक निवृत्त अधिकारी, सदस्य एक निवृत्त प्राध्यापक, आणि तिसरी जागा महिलेसाठी राखीव, म्हणून ती रिकामी. त्या रिकाम्या खुर्चीवर प्राध्यापक आपली पिशवी ठेवत. बैठक दर मंगळवारी, सरकारी इमारतीच्या पहिल्या मजल्यावर. तिथे पंखा होता आणि कोपऱ्यात थंड पाण्याचा जार होता.

मी तेव्हा विमा कचेरीत कारकून होतो, लग्न व्हायचं होतं, आणि चिकलठाण्याच्या बाजूला एका नव्या वसाहतीत खोली घेऊन राहत होतो. शहर जालना रोडनं बेफाम पसरत चाललं होतं. वसाहतीला कमान होती, कमानीवर झोकदार नाव होतं, आत नळ मात्र नव्हता. जेवायला मी शेजारच्या खानावळीत जायचो. फुलंब्रीकडून आलेल्या एक बाई ती चालवत. कारखान्यातली पोरं त्यांना मावशी म्हणत, म्हणून मीही म्हणायचो. नवरा गावाकडे जमीन राखत बसला होता आणि घर चालत होतं ते या दोन चुलींवर. खानावळ टिकली होती ती मावशींच्या स्वतःच्या बोरवर. वसाहतीतले बाकीचे बोर फेस ओकत असताना त्यांच्या बोरला दोन वेळच्या स्वयंपाकापुरतं पाणी येत होतं.

मग मागच्या भिंतीपलीकडे एक लॉन झालं. म्हणजे लग्नाचं लॉन. सगळा मुलूख करपलेला, आणि भिंतीपलीकडे हिरवंगार गवत, त्याच्यावर कारंजं. मालकानं भिंतीला खेटून मावशींच्या बोरपेक्षा दुप्पट खोल बोर मारला. दुसऱ्याच्या पाण्याला खेटून नवा बोर मारायला तेव्हा सरळ मनाई होती. मालकाला ती ठाऊक असावी, कारण बोरची गाडी सुट्ट्या बघून आली होती. आठवड्याभरात मावशींच्या मोटारीनं नुसती हवा ओढायला सुरुवात केली.

आमच्या घराण्यात तीन पिढ्या अर्ज लिहिण्यात गेल्या. मी मावशींना म्हणालो, "काळजी करू नका, मी लिहून देतो." कायदा, नियम, अंतर, सगळं घालून झकास अर्ज लिहिला आणि समितीकडे दिला. सुनावणीची तारीख आली. मंगळवार.

आता आमच्या वसाहतीत टँकर यायचा तोही मंगळवारी. यायचा तो अकरापासून संध्याकाळपर्यंत कधीही. आपल्या ड्रमपाशी आपण उभं नसलो तर पाइप पुढच्या ड्रममध्ये जायचा, आणि त्या दिवसांत शेजाऱ्याचा ड्रम भरून ठेवेल इतका दिलदार माणूस आमच्याकडे उरला नव्हता. मावशी टँकरला थांबल्या. त्यांच्या वतीनं मी गेलो, तर अध्यक्ष म्हणाले, "पक्षकारानं स्वतः हजर राहिलं पाहिजे." पुढची तारीख दिली. तीही मंगळवार. तिसऱ्या खेपेला त्यांनी शेरा मारला, तक्रारदारास स्वारस्य नाही, प्रकरण निकाली.

मला वाटलं हे एकट्या मावशींच्या नशिबी आलं. बाहेरच्या बाकावर बसलेल्या दोघातिघांशी बोललो तेव्हा उजेड पडला. पाण्याची तक्रार ज्यांची, त्यांच्याकडे टँकर येणारच, आणि त्या अख्ख्या पट्ट्यात टँकर मंगळवारी यायचा. म्हणून समितीकडे प्रकरणं धडाधड निकाली निघत होती. वरच्या कचेरीत या समितीच्या झपाट्याचं कौतुक होत होतं, असं तिथल्या शिपायानंच मला अभिमानानं सांगितलं.

मी संतापलो. शिपायाला विचारलं, "समितीविरुद्ध तक्रार करायची तर कुठं करायची?"

"समितीकडंच," तो म्हणाला. "दुसरीकडं कुटं करणार?"

मग मी दुसरा अर्ज लिहिला, समितीविरुद्धचा, समितीच्या नावे. मूळ प्रकरण पुन्हा उघडा, हेही त्यात घातलं. खाली मावशींची सही. आणि काय चमत्कार, या अर्जावर तिसऱ्याच दिवशी बोलावणं आलं, तेही मंगळवार सोडून! कारण नंतर कळलं. समिती वर्षाअखेर स्वतःच्या कामाचा अहवाल स्वतःच लिहून वर पाठवायची, आणि त्यात 'समितीविरुद्ध तक्रारी' असा एक रकाना होता. आजवर त्यात 'निरंक' लिहिलं जात होतं. वरचे लोक अहवालात एवढी एकच गोष्ट वाचत.

त्या दिवशी मावशी सकाळचा स्वयंपाक उरकून माझ्याबरोबर आल्या. स्वतःविरुद्धची तक्रार अध्यक्षाच्या खुर्चीत बसून ऐकणं बरं दिसणार नाही, असं अध्यक्षांच्या मनात आलं. ते उठले, प्राध्यापकांची पिशवी खाली ठेवली, आणि महिलेसाठी राखीव असलेल्या खुर्चीत जाऊन बसले. "आता मी तटस्थ आहे," म्हणाले. प्राध्यापकांनी मान डोलावली. मी आयुष्यात पुष्कळ निर्लज्जपणा पाहिला, पण इतका गंभीर चेहऱ्यानं केलेला नाही.

"बोला बाई, काय अडचण आहे?"

"साहेब, मंगळवारी आमचा टँकर असतो. त्याच दिवशी तुम्ही बोलावता. पानी सोडून यावं तर सांजच्याला पोरं उपाशी, नाय यावं तर तुम्ही म्हणता हिला गरज नाय."

"रास्त आहे," अध्यक्ष म्हणाले. त्यांनी तिथल्या तिथे फोन उचलला, कुणाला तरी नाव घेऊन हाक मारली, मुलाबाळांची चौकशी केली, आणि आमच्या वसाहतीचा टँकर मंगळवारचा गुरुवारी करून टाकला. "झालं! आता तुमची तक्रार राहिली नाही. मागं घेतल्याचं लिहून द्या."

सुनावणीचा वार बदलावा हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. आणि टँकर दोन दिवस पुढे ढकलला म्हणजे वसाहतीनं ते दोन दिवस काय करायचं, हे विचारायची त्यांना गरज वाटली नाही.

मावशी उभ्याच होत्या. त्या म्हणाल्या, "आन बोरचं?"

"बोर बंद करायचा अधिकार आम्हाला नाही. आम्ही फक्त शिफारस करतो."

"टँकर हलवायचा हाये व्हय अधिकार?"

प्राध्यापक खिडकीबाहेर बघायला लागले. अध्यक्ष जरा चिडलेच. "ते वेगळं. ते ओळखीनं होतं."

"मग बोर बी ओळखीनं बंद करा की."

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. अध्यक्षांनी सूर बदलला. लॉनचे मालक मोठ्या मनाचे आहेत, म्हणाले. ते रोज दोन ड्रम पाणी भिंतीवरून द्यायला तयार आहेत. तुम्ही दोन्ही अर्ज मागं घ्या, आपसात मिटवा, कशाला वैर वाढवता. म्हणजे लॉनच्या मालकाशी यांचं बोलणं आधीच झालेलं होतं, आणि तेही कुठल्या सुनावणीत नव्हे.

मावशींनी क्षणभर विचार केला. तो विचार मला त्यांच्या तोंडावर दिसत होता. दोन ड्रम म्हणजे खानावळ चालली असती. मग त्या म्हणाल्या, "पानी माजं. ते ओढून घेनार, मला दान देनार, आन सही बी मीच करायची? नाय जमायचं."

जिना उतरताना मला त्यांचा फार अभिमान वाटला. अभिमान वाटायला माझं काय जात होतं? मला पगार होता, दुसरी खानावळ होती.

गुरुवारचा टँकर पहिल्याच आठवड्यात आला नाही. पुढे येत राहिला, पण अर्धा. मावशींनी विकतचं पाणी घेऊन महिनाभर रेटलं. मग ताट महाग केलं, तशी पोरं एकेक करून कारखान्याच्या दारातल्या गाड्यांवर जायला लागली. एके दिवशी मी गेलो तर चुली थंड होत्या आणि मावशी पातेली गोणीत भरत होत्या. त्यांनी मला बसायला सांगितलं आणि उरलेली भाकरी वाढली.

पुढे काही दिवसांनी समितीचा आदेश आला, पत्रव्यवहाराला माझा पत्ता होता म्हणून माझ्याकडे. सुंदर टाईप केलेला. त्यात लिहिलं होतं की समितीविरुद्धची तक्रार समितीनं निःपक्षपातीपणे तपासली व ती तथ्यहीन आढळल्यानं तक्रार म्हणून गणण्यात येत नाही. आणि मूळ प्रकरणी, तक्रारदार या आता गैरअर्जदार लॉनमालकांकडेच नोकरीस असल्यानं उभय पक्षांत सलोखा झाल्याचं दिसून येतं, सबब तंटा शिल्लक नाही.

मी तो कागद घेऊन तसाच लॉनच्या मागच्या दारानं आत गेलो. लग्नाची पंगत उठली होती. मावशी भिंतीपाशी बसून भल्यामोठ्या कढया घासत होत्या, आणि शेजारी त्याच बोरचा नळ सोडलेला होता. मी आदेश वाचून दाखवला. सलोखा शब्दाशी माझा आवाज चढला. त्यांनी हात न थांबवता शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"बोरचं काय लिवलंय त्यात?" त्यांनी विचारलं.

"काहीच नाही."

"बरं," त्या म्हणाल्या. मग हातातली कढई नळाखाली धरली, ती स्वच्छ झाली तरी धरूनच ठेवली, आणि पाणी वाहू दिलं.